समुदाय आरोग्यात पुढाकार घ्यायचाय? कोल्हापुरातून पदव्युत्तर शिक्षणाची तयारी अशी करा

‘एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करू का?’ हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात आता बऱ्याच जणांच्या तोंडी असतो. चंदगडकडच्या उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), बीएएमएस होऊन कंत्राटी नोकरीत असलेले डॉक्टर, स्टाफ नर्स, समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून एखाद्या संस्थेसाठी गावोगाव फिरणारी मुलं, मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी करून ‘लॅबमध्ये बसायचं नाही’ असं ठरवलेल्या मुली, सगळे हेच विचारतात. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येकाला गाठायची जागा वेगळी आहे आणि तिकडे जाणारी पदवीही वेगळी आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू पडते. गावातला एखादा प्रश्न डोक्यात घेऊन जो शिकायला जातो, त्याला या शिक्षणाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आधी ग्रामीण रुग्णालयात राबले, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला प्रकल्प सुरू केला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचंही तसंच. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम, मग त्याच विद्यापीठात एमपीएच आणि 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था. गावातल्या प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ शकतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. तो अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी जातात त्याचं मूळ तिथे आहे. आधी काम, मग पदवी, मग पुन्हा काम, हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. पुढचं सगळं त्याच क्रमाने मांडलंय.

आधी जागा ठरवा

जिल्ह्यातली यंत्रणा कुणाच्या हाताखाली चालते हे नीट माहीत नसताना पदवी निवडली, की दोन वर्षांनी पंचाईत होते. सपाटीवर 5,000 आणि डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तसंच 30,000 किंवा 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष. ही दोन्ही जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेला आहे, म्हणजे खातंच वेगळं. कोल्हापूर महापालिकेची स्वतःची आरोग्य यंत्रणा आहे, आणि 2022 पासून इचलकरंजीचीही महापालिका झाली आहे. या सगळ्यांमधून राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कार्यक्रम आणि कंत्राटी पदं जातात.

आता नकोसं वाटेल असं एक खरं सांगतो. जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकारी ही पदं वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संवर्गातली आहेत. बीएस्सी किंवा एमएसडब्ल्यू करून पुढे कितीही नामांकित संस्थेतून एमपीएच केलं, तरी त्या खुर्चीत बसता येत नाही. ज्याला ती खुर्ची हवी त्याने एमबीबीएसचीच वाट धरायला हवी. हे दोन वर्षं आणि काही लाख रुपये घालवल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं चांगलं.

पण पुढाकाराच्या बाकीच्या जागा थोड्या नाहीत. आरोग्य अभियानात जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, आशा कार्यक्रमाचे जिल्हा समूह संघटक, साथरोग आणि माहिती विश्लेषणाची पदं, शहरी आरोग्याचे समन्वयक असतात. राज्य पातळीवर सल्लागार लागतात. स्वयंसेवी संस्था, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणारे आरोग्य प्रकल्प, संशोधन संस्था, नर्सिंग आणि समाजकार्य महाविद्यालयातलं अध्यापन हेही आहेच. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2022 मध्ये सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा वेगळा संवर्ग उभारण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्यं त्या कशा अमलात आणतात यावर पुढच्या दहा वर्षांतल्या बऱ्याच संधी ठरतील, म्हणून त्या सूचना एकदा मुळातून वाचा.

हे ठरवण्याचा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जाहिराती वाचणं. जिल्हा परिषद आणि आरोग्य अभियानाच्या संकेतस्थळांवरच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या पदभरतीच्या जाहिराती उतरवून घ्या. तुम्हाला हव्या असलेल्या पदासमोर ‘शैक्षणिक अर्हता’ आणि ‘अनुभव’ या रकान्यांत काय लिहिलंय ते वहीत टिपा. एमपीएच मागितलंय की एमएचए, की एमबीए? आधीची पदवी वैद्यकीयच हवी का? अनुभव पदवीनंतरचा धरतात की आधीचाही? दहा-बारा जाहिराती वाचल्या की पुढचं चित्र आपोआप दिसायला लागतं.

कुठली पदवी कुणासाठी

एमपीएच ही दोन वर्षांची पदवी. साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, आरोग्य धोरण, आरोग्याचं अर्थकारण, पर्यावरण आणि आरोग्य, समाजशास्त्र, व्यवस्थापन असे विषय असतात. बऱ्याच संस्था डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश देतात. कोल्हापूरकरांसाठी जवळचे पर्याय म्हणजे पुण्यातलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, बेळगावचं केएलई अभिमत विद्यापीठ आणि मुंबईत देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. टिसमध्ये सामाजिक साथरोगशास्त्र आणि आरोग्य धोरण-अर्थकारण असे एमपीएचचे वेगवेगळे प्रवाह आहेत. लांब जायची तयारी असेल तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र आणि गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था जरूर बघा. अच्युत मेनन केंद्रात एमपीएच 1997 पासून चालतं.

एमएचए म्हणजे रुग्णालय प्रशासन. ज्याला ट्रस्टचं किंवा खासगी रुग्णालय चालवायचंय त्याच्यासाठी ते ठीक. गावपातळीवरच्या आरोग्यात काम करायचं असेल तर नुसतं नाव सारखं वाटतंय म्हणून तिकडे जाऊ नका, दोन्हींचा अभ्यासक्रम बराच वेगळा आहे.

आकड्यांची खरोखर आवड असेल तर देवनारलाच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तीच संस्था बघते. तिथल्या लोकसंख्या अभ्यासाच्या पदवीचा विचार आपल्याकडची मुलं फारसा करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. गणित किंवा संख्याशास्त्रात शिवाजी विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांसाठी ती फार चांगली वाट आहे.

एमबीबीएस झालेल्यांसाठी नीट-पीजीमधून पीएसएममधली, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्रातली, तीन वर्षांची एमडी. ‘दुसरं काही मिळालं नाही म्हणून पीएसएम’ हे बोलणं वैद्यकीय महाविद्यालयांत अजून ऐकू येतं. 2019 चा पूर आणि नंतरचा कोविड बघितलेल्या जिल्ह्यात तरी ते थांबायला हवं. नर्सिंगवाल्यांसाठी सामुदायिक आरोग्य परिचर्येतलं एमएस्सी. त्याला बीएस्सी नर्सिंगनंतर निदान एक वर्षाचा अनुभव लागतो. समाजकार्याकडून येणाऱ्यांना कोल्हापुरातच ‘सायबर’ या संस्थेत एमएसडब्ल्यूची सोय आहे. आशा, ग्रामसमित्या, लोकसहभाग या बाजूच्या पदांना ती पदवी चालते आणि घर न सोडता करता येते.

निघण्याआधीचं एक वर्ष

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक जण हे वर्ष नुसत्या प्रवेश परीक्षेच्या तयारीत घालवतात.

आधी आकड्यांशी मैत्री करा. त्यासाठी पुस्तक लागत नाही, एका उपकेंद्राची माहिती पुरते. समजा, उपकेंद्राची लोकसंख्या 4,200 आहे. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी 15 च्या आसपास आहे, तो धरला तर वर्षाला साधारण 63 बाळं जन्मायला हवीत. गर्भपात वगैरे धरून त्यात दहा टक्के मिळवले की वर्षभरात अंदाजे 69 गरोदर मातांची नोंद व्हायला हवी. आता रजिस्टर उघडा. नोंद 55 दिसते. मग 14 जणी कुठे गेल्या?

काही पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या असतील आणि त्यांची नोंद तिकडे असेल. काही थेट कोल्हापुरातल्या खासगी दवाखान्यात जात असतील आणि आशाताईंना चौथ्या-पाचव्या महिन्यात कळत असेल. गावाबाहेर ऊसतोड मजुरांच्या खोपी असतील तर तिथल्या बायका ना त्यांच्या मूळ गावच्या यादीत, ना तुमच्या. एखादीने दिवस गेलेलं मुद्दाम लपवलंही असेल, आणि त्यामागचं कारण तपासून बघण्यासारखं असेल. कदाचित गावाची लोकसंख्याच जुन्या अंदाजाने चढवलेली असेल. या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. सिस्टर आणि आशाताईंबरोबर बसून हे 14 जणींचं कोडं सोडवा. एमपीएचच्या पहिल्या सत्रात साथरोगशास्त्राचे शिक्षक ‘छेद कोणता धरला?’ असं विचारतील, तेव्हा तुम्हाला त्या रजिस्टरचं पान आठवेल.

मग तालुक्यातला एक प्रश्न निवडा आणि वर्षभर त्याच्या मागे लागा. आपल्या बारा तालुक्यांत प्रश्नांची वाण नाही. शिरोळ आणि करवीरच्या पूरपट्ट्यात पाणी ओसरल्यावर लेप्टो आणि जुलाबाची साथ येऊ नये म्हणून काय करतात? स्थलांतरित कुटुंबातल्या मधुमेहाच्या पेशंटांची गोळ्यांची खंड न पडणारी सोय कोण लावतं? इचलकरंजीत यंत्रमागावर पाळीत काम करणाऱ्यांच्या कानांचं आणि फुप्फुसांचं काय होतं? गगनबावडा आणि राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवरून पावसाळ्यात बाळंतिणीला कसं खाली आणतात? हंगामात आलेल्या ऊसतोड कुटुंबांतल्या लहान मुलांच्या लसींचे डोस कुठे चुकतात?

गावात जाताना ग्राम आरोग्य व पोषण दिवस धरा. अंगणवाडीत तो महिन्यातून एकदा असतो. वजनकाटा, लसींचा डबा, माता-बाल संरक्षण कार्डं, पोषण आहार आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या सासवा. तिथे दोन तास काही न बोलता बसा. कोण कुणाला विचारून निर्णय घेतं, सिस्टर कुणाशी कशी बोलतात, कुठल्या वस्तीतली बाई आलीच नाही, हे दिसायला लागतं. मग ग्रामसभेला जा आणि आरोग्याचा विषय किती वाजता, किती मिनिटं निघतो ते बघा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचं इतिवृत्त मागा. जो पुढे या लोकांचं नेतृत्व करणार आहे त्याला त्यांच्या बैठका कशा चालतात हे माहीत हवं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. त्यावर मला उपयोगी वाटलेला उपाय सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतलं, 2019–21 चं, कोल्हापूर जिल्ह्याचं तथ्यपत्रक उतरवून घ्या. रोज त्यातले दोन-तीन निर्देशक घ्या, ते काय मोजतात ते आधी मराठीत एका वाक्यात लिहा, मग इंग्रजीत. आकडे आपल्या जिल्ह्याचे असल्याने कंटाळा येत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत या विषयाची बरीचशी इंग्रजी परिभाषा तोंडात बसते.

संस्था निवडताना काय विचारायचं

वैद्यकीय शिक्षणाला आणि नर्सिंगला जशी राष्ट्रीय परिषद असते तशी एमपीएचला नाही. त्यामुळे या नावाखाली उत्तमातलं उत्तम आणि अगदीच तकलादू असं दोन्ही मिळतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या यादीत स्वतः बघा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल तर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी परवानगी आहे का, हेही बघा.

त्यानंतर सध्याच्या दोन आणि बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांना फोन करा. फिल्डवर्क किती आठवड्यांचं असतं आणि त्यात विद्यार्थी खरंच काम करतात की फक्त भेटी देतात? पूर्णवेळ शिक्षक किती? प्रबंधाला विषय आपण निवडायचा की दिला जातो, आणि आपल्या जिल्ह्यात करू देतात का? बाहेर पडलेले आज कुठे आहेत? इमारत आणि प्लेसमेंटचं माहितीपत्रक यापेक्षा या चार प्रश्नांवर माझा भरवसा जास्त आहे. ज्या संस्थेत फिल्डवर्क पंधरा दिवसांत उरकतात, ती समुदाय आरोग्यासाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्जाचं वेळापत्रक

टिसचे पदव्युत्तर प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात, त्यानंतर संस्थेची स्वतःची मुलाखतीची फेरी असते. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत आणि परीक्षा मार्चमध्ये, असा अलीकडचा क्रम आहे. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं तर एक वजा. अर्ज भरताना विषयाचा पेपर निवडावा लागतो. तुम्हाला हव्या त्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर लागतो हे संस्थेच्या माहितीपत्रकात बघूनच निवडा. पुणे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते.

गणित असं बसतं. पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये वर्गात बसायचं असेल तर आदल्या वर्षीच्या गणपतीच्या सुमारास पदांची आणि संस्थांची यादी पक्की हवी, दिवाळीपर्यंत उद्देशपत्राचा, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचाय ते सांगणाऱ्या पत्राचा, पहिला खर्डा तयार हवा, आणि डिसेंबरच्या आत शिफारसपत्रांसाठी दोन माणसांशी बोलणं झालेलं हवं. शिफारस मोठ्या पदावरच्या, पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाची घेण्यापेक्षा ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तुमचं काम रोज बघितलंय त्याची घ्या.

मुलाखतीसाठी मुंबईला जायचं तर रात्रीची महालक्ष्मी, दादरला उतरून कुर्ल्यामार्गे गोवंडी. गाडीला उशीर होतो, म्हणून सकाळची मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच पोचा.

उद्देशपत्र

इंग्रजीत पाठवायचं असलं तरी आधी मराठीत लिहा. बहुतेकांचं पत्र असं असतं:

‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. गोरगरिबांची सेवा करणे हे माझे ध्येय आहे. आपल्या नामवंत संस्थेतून शिक्षण घेऊन मी देशाच्या प्रगतीत हातभार लावू इच्छितो.’

भावना खोटी नाही, पण हे पत्र कुणाचंही असू शकतं. त्याऐवजी असं काहीतरी:

‘शाहूवाडी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्या रक्तदाबाच्या तपासणीत बायका भरपूर आणि पुरुष मोजकेच दिसायचे, कारण उपकेंद्र उघडतं तेव्हा पुरुष रानात किंवा कामावर असतात. आम्ही महिन्यातून दोनदा संध्याकाळी, दूध घालायच्या वेळी, दूध संस्थेच्या दारात टेबल मांडलं. किटली खाली ठेवून माणसं बाही वर करू लागली. तपासलेल्या पुरुषांची संख्या वाढली, पण तीन महिन्यांनी औषध चालू ठेवलेले त्या मानाने थोडे निघाले. तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये नेमकं काय घडतं, ते कसं मोजायचं आणि एका उपकेंद्रातला हा उपाय तालुकाभर न्यायचा तर काय बदलावं लागेल, हे मला शिकायचं आहे.’

या दुसऱ्या पत्रात ‘नेतृत्व’ हा शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की या व्यक्तीने अडचण ओळखली, लोकांना सोबत घेतलं, उपाय करून बघितला आणि जे जमलं नाही ते लपवलं नाही. मुलाखतीतले प्रश्नही मग याच परिच्छेदावर येतात, आणि त्यांची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. उदाहरण अर्थात तुमचंच हवं. उसनं घेतलेलं दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

पैसा आणि कागदपत्रं

नुसतं शुल्क बघून अंदाज बांधू नका. वसतिगृह, मेस, फिल्डवर्कचा प्रवास, लॅपटॉप आणि दोन वर्षं बंद होणारा पगार, हे सगळं एका कागदावर मांडा. घरच्यांशी बोलताना हा कागद समोर असला की चर्चा रागाची होत नाही.

राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या योजना बघा. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारता येतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि अर्ज साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असतात. उपकेंद्रातली किंवा संस्थेतली तुमची नोकरी तिथे मोलाची ठरते, म्हणून नियुक्तीपत्रं आणि अनुभव दाखले आजपासून एका फाइलमध्ये लावत जा. कर्ज काढायची वेळ आली तर 2024 मध्ये जाहीर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना बघा. यादीतल्या दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, असं तिचं स्वरूप आहे.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, जात वैधता हे सगळं अर्ज निघण्याआधी हातात हवं. जून-जुलैत सेतू आणि तहसीलला काय गर्दी असते ते आपण बघतोच. हिवाळ्यातच कामाला लागा.

नोकरीत असाल तर आधी लेखी विचारा. नियमित सेवेत अभ्यास रजेचे नियम असतात. करारावर असाल तर रजा मिळेल असं गृहीत धरून प्रवेश घेऊ नका. राजीनामा द्यावा लागला तर परत येताना पद रिकामं असेलच असं नाही, हे धरूनच ठरवा.

शिकत असताना

एक्सेल पक्कं करा. आकडेमोडीसाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, ती पहिल्याच वर्षी शिका. वस्तीचा नकाशा स्वतः काढता येणारा माणूस जिल्ह्याच्या बैठकीत वेगळा उठून दिसतो.

प्रबंध जमेल तर आपल्याच जिल्ह्यात करा. एक विषय मला फार दिवस वाटतो. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या. 2011 मध्ये 863. मधल्या काळात तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी तपासण्यांची नोंद ठेवणारी उपकरणं, बसवली गेली. देशभर चर्चा झाली, कौतुक झालं, आणि प्रत्येक गरोदर बाईकडे संशयाने बघणं बरोबर नाही, असा आक्षेपही महिला आरोग्य चळवळीतून आला. आकडा थोडा सुधारला त्यात यंत्राचा वाटा किती, कायद्याच्या धाकाचा किती, गावातल्या बोलण्याचा किती? तालुक्यागणिक फरक का? आपल्या जिल्ह्यात घडलेल्या या गोष्टीकडे आपल्याच मुलामुलींनी शास्त्रीय नजरेने बघावं, असं मला मनापासून वाटतं. अशा विषयाला नैतिकता समितीची मंजुरी काटेकोर लागते आणि वेळही खाते, तेव्हा पहिल्या वर्षाच्या सुट्टीतच सुरुवात करा.

निष्कर्ष आले की ते मराठीत दोन पानांत लिहा आणि ज्या गावांतून माहिती घेतली तिथल्या ग्रामपंचायतीला, आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. तुमच्या नावाची ओळख जिल्ह्यात तिथून होते, आणि माहिती देणाऱ्यांचा तो हक्कही आहे.

घर सोडता येत नसेल तर

लग्न, लहान मूल, आजारी आईवडील, शेती, यांतल्या कशामुळेही दोन वर्षं बाहेर राहता येत नाही अशी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांत मुली जास्त. त्यांनी विषय सोडून देऊ नये. सायबरचं एमएसडब्ल्यू आहे. जिल्ह्यातल्या आणि मिरज-सांगलीच्या नर्सिंग महाविद्यालयांत एमएस्सी कुठे आहे ते बघता येईल. बेळगाव निपाणी-संकेश्वरमार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, रोजची ये-जा जमणार नाही, पण शनिवार-रविवार घरी येता येतं. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण व्यासपीठावर साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला थोडी फी पडते. जामखेडच्या प्रकल्पातही समुदाय आरोग्याची प्रशिक्षणं चालतात.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या पीएसएम विभागांचा दरवाजाही ठोठावा. राजर्षी शाहू महाविद्यालय असो की डी. वाय. पाटील, त्यांची सर्वेक्षणं, शिबिरं, साथीच्या तपासण्या चालू असतात आणि स्थानिक भाषा, गाव, वस्ती माहीत असलेला माणूस त्यांना हवाच असतो. ‘तुमच्या पुढच्या सर्वेक्षणात माहिती गोळा करण्यापासून अहवालापर्यंत सोबत राहू द्या,’ असं विभागप्रमुखांना लेखी अर्जाने विचारा. अर्जासोबत तुमच्या उपकेंद्राचा तो 14 जणींचा हिशेब जोडा.